विमान ठेवायचं कुठं?

२०१६ च्या फेब्रुवारीत कांदिवलीच्या चारकोपमधल्या एका इमारतीच्या गच्चीवरून विमान खाली उतरवलं गेलं. सुटे केलेले भाग क्रेनला लटकून खाली आले, वांद्रे-कुर्ला संकुलात पोचले आणि तिथं पुन्हा जोडले गेले. तिथं तेव्हा 'मेक इन इंडिया' सप्ताह भरला होता. सहा आसनांचं ते विमान कॅप्टन अमोल यादव यांनी राहत्या इमारतीच्या गच्चीवर कित्येक वर्षं खपून बांधलं होतं. त्याआधीचे त्यांचे दोन प्रयत्न उडण्यापर्यंत पोचलेच नव्हते.

मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. होस्टेलच्या खोलीत एका फोनवर आम्ही पाच जण ती बातमी बघत होतो. चौघांनी विचारलं, "उडेल का रे हे?" पाचवा माझा रूममेट. शेतकऱ्याचा पोरगा, ट्रॅक्टरची ट्रॉली अरुंद बोळातून उलटी घालण्यात पटाईत. त्यानं विचारलं, "ते सोड. खाली आणलं कसं? आणि आता ठेवणार कुठं?"

आम्ही हसलो. पुढं नोकरी लागली, कोड लिहायला लागलो, पण तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. छोट्या विमानांबद्दल जमेल तसं वाचत गेलो आणि लक्षात आलं, की त्याचा प्रश्न आमच्या प्रश्नापेक्षा जास्त खोल होता. विमान उडवायचं कसं, हे माणसाला १९०३ साली कळलं. उडून झाल्यावर ते ठेवायचं कुठं, हा प्रश्न त्यानंतर लगेच उभा राहिला आणि ज्याच्याकडे स्वतःचं हँगर नाही त्याच्यासाठी तो आजही उभा आहे. त्याला मिळालेलं सगळ्यात जुनं आणि साधं उत्तर म्हणजे बिजागरी. दाराला असते ना, तसलीच.

जहाजावरून गॅरेजमध्ये

पंख मिटण्याची गरज आधी आरमाराला पडली. जहाजावर जागा मोजून-मापून असते आणि विमानाचे पंख तर दोन्हीकडे पसरलेले. इंग्लंडच्या शॉर्ट ब्रदर्स कंपनीनं १९१३ च्या सुमारास मिटणाऱ्या पंखांचं सी-प्लेन बनवलं. त्याचं नावच 'फोल्डर' पडलं. पुढं विमानवाहू नौका आल्या आणि मिटणारे पंख ही त्यांची रोजचीच गोष्ट झाली. दुसऱ्या महायुद्धात ग्रमन कंपनीच्या लेरॉय ग्रमननं एक खोडरबर आणि वाकवलेल्या पेपरक्लिपा घेऊन पंख मागं कसा वळवता येईल ते शोधलं, अशी गोष्ट सांगतात. त्यातून आलेल्या वाइल्डकॅट विमानाची रुंदी पंख मिटल्यावर ११.६ मीटरवरून ४.४ मीटरवर आली. आपल्या जुन्या आयएनएस विक्रांतवरच्या सी हॉक विमानांचे पंखही मिटायचे.

पण आरमाराकडे पैसा होता आणि माणसंही होती. मला कुतूहल होतं ते घरगुती विमानाचं. ती गोष्ट सुरू होते २२ फेब्रुवारी १९२५ ला. त्या दिवशी लंडनजवळच्या स्टॅग लेन इथं जेफ्री डी हॅविलंड यांनी डीएच-६० मॉथ हे विमान पहिल्यांदा उडवलं. दोन आसनं, एकावर एक दोन पंख, सुमारे ६० हॉर्सपॉवरचं इंजिन. पंखांचा पसारा सुमारे नऊ मीटर. पंखाच्या आत लांबीनं जाणारे दोन कणे असतात, त्यांना स्पार म्हणतात. मॉथच्या मागच्या स्पारला मुळाशी बिजागरी होती. पुढच्या स्पारची पिन काढली की पंख मागं फिरून विमानाच्या अंगाला चिकटायचा, अगदी बसलेल्या पाखरासारखा. मिटलेल्या मॉथची रुंदी जेमतेम तीन मीटर. मोटारीच्या मागं बांधून घरी न्या आणि गॅरेजमध्ये ठेवा, हेच त्याचं आकर्षण होतं.

पुढं जिप्सी इंजिन बसवलेल्या मॉथची किंमत ६५० पौंडांच्या आसपास होती. तिथल्या साध्या कामगाराच्या काही वर्षांच्या पगाराइतकी. म्हणजे 'सर्वांसाठी विमान' हे बोलण्यापुरतंच. तरीही एक गोष्ट बदलली. विमान हे लष्कराच्या किंवा कंपनीच्या मालकीचं यंत्र न राहता, एखादा माणूस घरी ठेवू शकेल अशी वस्तू झालं. हा बदल जितका इंजिननं घडवला, तितकाच त्या बिजागरीनं.

जुहूचा चिखल

मॉथ भारतातही आली. १९२८ साली मुंबईचा फ्लाइंग क्लब सुरू झाला. १० फेब्रुवारी १९२९ ला जे. आर. डी. टाटांना भारतातलं पहिल्या क्रमांकाचं वैमानिक लायसन्स मिळालं. १९२९ साली आगाखानांनी भारत-इंग्लंड एकट्यानं उडण्यासाठी ५०० पौंडांचं बक्षीस लावलं. त्यात उतरलेले मनमोहन सिंग, अस्पी इंजिनिअर आणि जेआरडी, तिघंही जिप्सी मॉथमध्येच होते. जिंकला तो सतरा वर्षांचा अस्पी.

१५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडींनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणलं, ते पुस मॉथमधून. पुस मॉथ म्हणजे याच घराण्यातलं बंद केबिनचं, एकाच पंखाचं विमान. त्याचेही पंख मागं मिटायचे. ५० वर्षांनी, १९८२ साली, ७८ वर्षांच्या जेआरडींनी तोच प्रवास पुन्हा केला, तो लेपर्ड मॉथमधून. तिचेही पंख मिटणारेच. टाटांच्या हवाई टपालाचा पहिला दिवस आणि त्याचा सुवर्णमहोत्सव, दोन्ही मिटत्या पंखांवर झाले, हे मला फार उशिरा लक्षात आलं.

आता माझ्या रूममेटचा प्रश्न इथं लावून बघा. जुहूचं मैदान तेव्हा समुद्रालगतचा सखल, चिखलाचा भाग. पावसाळ्यात ते पाण्याखाली जायचं. मग टाटांची ती इवलीशी टपाल सेवा सगळा बाडबिस्तरा उचलून पुण्याला यायची आणि येरवडा तुरुंगाजवळच्या एका मैदानावरून विमानं उडायची. पाऊस संपला की परत जुहू. आपल्या नागरी विमानसेवेची पहिली वर्षं अशी हंगामी स्थलांतर करण्यात गेली. आम्हा बीडकरांना हे वाचताना वेगळंच काहीतरी होतं. त्याकडे शेवटी येतो.

पण एक फरक होता. इंग्लंडमध्ये मॉथ गॅरेजसाठी मिटत होती. आपल्याकडे गॅरेज होतं कुणाकडे? संस्थानिकांकडे, मोठ्या व्यापाऱ्यांकडे. फ्लाइंग क्लबात मिटत्या पंखांचा फायदा एवढाच, की उलगडलेलं एक विमान जिथं मावतं तिथं मिटलेली तीन मावतात. पुढं युद्ध आलं, आणि वैमानिक घडवायला टायगर मॉथ आली. तिचे पंख मिटत नव्हते. लष्कराच्या तळावर जागेची ददात नव्हती. मग बिजागरीचं वजन वाहायचं कशाला?

चार टनांची पिन

वजन वाहायचं म्हणजे किती, हे एकदा आकड्यात बघू. शाळेतला भागाकार-गुणाकार पुरतो.

६०० किलोचं छोटं विमान धरा. हवेत ते पंखांवर तोललेलं असतं, म्हणजे ढोबळमानानं प्रत्येक पंख ३०० किलो उचलतो. हा भार पंखभर पसरलेला असतो, पण हिशोबासाठी तो मुळापासून २ मीटरवर आहे असं समजू. पंख मुळाशी १५ सेंटीमीटर जाड आहे आणि तिथं वर एक, खाली एक अशा दोन पिना आहेत. पंख वर वाकायला बघतो, पिना त्याला धरून ठेवतात. प्रत्येक पिनेवरचा जोर ३०० गुणिले २ भागिले ०.१५. उत्तर येतं ४,००० किलो. चार टन! तेही सरळ, शांत उडताना. जोरात वळलात किंवा हवेचा झटका बसला की हा आकडा वाढतो. साध्या छोट्या विमानाचं डिझाइन करताना नेहमी ३.८ पट धरतात. म्हणजे पंधरा टन. भरलेला उसाचा ट्रक एका पिनेवर टांगल्यासारखं.

आता त्याच पंखाला खालून एक तिरका दांडा द्या. भिंतीतल्या फळीला खालून टेकू देतात तसा, फक्त इथं तो टेकू दाबला न जाता ताणला जातो. याला स्ट्रट म्हणतात. तो मुळापासून २ मीटरवर पंखाला आणि १ मीटर खाली विमानाच्या धडाला जोडला, तर जवळजवळ सगळा भार तोच घेतो. मुळाशी उरतो तो चार टनांच्या जागी सहाशे किलोच्या आसपासचा सरळ दाब. मग पंखाच्या मुळाशी जाडजूड जोडणीची गरजच नाही. एक बरी पिन पुरते. आणि जिथं पिन पुरते तिथं बिजागरी बसते.

मॉथचे पंख सहज मिटायचे याचं गुपित हेच. वरखाली दोन पंख, मध्ये दांडे आणि तारा, म्हणजे एक अख्खा पूलच. पुढं विमानं वेगवान झाली, तारा आणि दांडे हवेला अडवतात म्हणून गेले, आणि त्यांच्याबरोबर स्वस्तातली घडीही गेली. मिटणारे पंख उरले ते दोन टोकांना. एकीकडे आरमार, ज्याला वजन आणि खर्च परवडतो. दुसरीकडे घरी विमान बांधणारे, ज्यांना वेगाची घाई नाही पण जागेची चणचण आहे.

गॅरेजमधले कारागीर

अमेरिकेत १९५३ साली एक्स्परिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन सुरू झाली. घरी विमान बांधणाऱ्यांची संघटना. काही वर्षांतच तिनं एक डिझाइन स्पर्धा लावली. विमान स्वस्त हवं, सामान्य माणसाला बांधता यायला हवं आणि रस्त्यावरून ओढून नेता येईल असे त्याचे पंख मिटायला हवेत. या अटी वाचल्या तेव्हा मला वाटलं, ही स्पर्धा विमानापेक्षा माणसाच्या ऐपतीची आहे. १९६२ साली ती जिंकली पीट बॉवर्स यांच्या 'फ्लाय बेबी'नं. बॉवर्स सिएटलमध्ये बोइंगचे इंजिनिअर. दिवसा जगातल्या सगळ्यात मोठ्या विमान कंपनीत काम आणि उरलेल्या वेळात लाकडाचं एका आसनाचं विमान. पंखांना तारांचा आधार, म्हणजे तीच जुनी पुलाची युक्ती. पिना काढा, पंख वळवा, अंगाला लावा. त्याचे आराखडे छापले गेले आणि त्यावरून शेकडो लोकांनी आपापली विमानं बांधली.

१९८० च्या दशकात आयडाहोमध्ये ॲव्हिड फ्लायर आणि तिच्यापाठोपाठ किटफॉक्स आली. सुटे भाग पेटीत यायचे आणि तुम्ही घरी जोडायचे. वर पंख, खाली स्ट्रट. पुढच्या पिना काढल्या की पंख स्ट्रटसकट मागं फिरतो. मिटलेल्या किटफॉक्सची रुंदी सुमारे २.४ मीटर. आपल्याकडे रस्त्यावरच्या वाहनाची कमाल रुंदी २.६ मीटर ठरलेली आहे. म्हणजे मॉथ आपल्या रस्त्यावर नियमात बसली नसती, किटफॉक्स बसेल. तीन मीटर ते २.४ मीटर, एवढं अंतर कापायला घरगुती विमानाला साठेक वर्षं लागली.

अर्थात फुकट काही मिळत नाही. पंख मागं गेले की वजनही मागं जातं, शेपटी जड होते, एकट्या माणसाला ती उचलून वळवणं अवघड. पंख मिटलेला असताना वारा सुटला तर तो फडफडतो. प्रत्येक वेळी पंखाच्या कंट्रोलच्या दांड्या नीट जुळल्यात का ते बघावं लागतं. आणि सगळ्यात मोठी किंमत वजनाची नाही, विसराळूपणाची आहे.

नट माझ्या खिशात होता

१९६० साली इटलीत नेपल्सजवळ अमेरिकन आरमाराच्या एका वैमानिकानं रात्री क्रुसेडर हे लढाऊ विमान उडवलं. पंखांची टोकं मिटलेलीच होती. विमान उडालं, त्यानं ते वीस-पंचवीस मिनिटं हवेत सांभाळलं आणि सुखरूप उतरवलं. पुढं त्याच जातीच्या विमानांबाबत हा प्रकार आणखीही घडला. शिकलेली, तालीम घेतलेली माणसं. बिजागरी मोडली नव्हती, फक्त कुणी बघितलं नव्हतं.

हे वाचून मी हसलो नाही, कारण मला माझा नट आठवला.

तिसऱ्या वर्षाला आम्ही चेन्नईच्या एका स्पर्धेसाठी रिमोटवर उडणारं विमान बनवलं होतं. वजन चार किलो, पंख सव्वादोन मीटर. दिवाळीच्या सुट्टीत बीडला आमच्या घराच्या पत्र्याखाली ते बांधलं. बीडला रेल्वे पोचली २०२५ च्या सप्टेंबरात. आमच्या वेळी एसटीनं नगर, नगरहून दौंड आणि तिथून चेन्नईची गाडी. पहिल्याच एसटीच्या दारात कंडक्टर म्हणाले, "ह्ये काय आता? दार उघडं ठिवून जायचं का?" उतरलो. घरी येऊन पंख मधोमध कापला. दोन्ही अर्ध्या भागांत ॲल्युमिनियमची नळी घातली आणि दोन्हीकडे एकेक बोल्ट. दुसऱ्या दिवशी तीच एसटी, तेच कंडक्टर, पंख दोघांच्या मांडीवर.

स्पर्धेत पहिलं उड्डाण चांगलं झालं. दुसऱ्याच्या आधी पंख काढून परत बसवला. डाव्या बोल्टाचा नट "लावतो नंतर" म्हणून मी खिशात टाकला. तिसऱ्या वळणावर डावा पंख नळीवरून सरकत बाहेर आला. इतक्या संथपणे, की आम्हाला वाटलं उन्हामुळं भास होतोय. मग विमान दगडासारखं खाली. कुणी मला बोललं नाही. आठ महिन्यांची चौघांची मेहनत होती, त्यात एकानं आईचे पैसे घातले होते. परतीच्या गाडीत खिशात हात घातला तर नट हाताला लागला. तो अजून माझ्याकडे आहे. माझ्या विमानात माणूस नव्हता, एवढंच माझं नशीब.

तेव्हापासून घडीच्या वस्तूबद्दल माझं एक मत झालंय. जी वस्तू मिटते, ती रोज नव्यानं जोडावी लागते. आणि जी रोज जोडावी लागते, तिच्यावर कालचा विश्वास आज चालत नाही. जाणते घरगुती वैमानिक म्हणूनच उडण्याआधी प्रत्येक पिन स्वतः हातानं हलवून बघतात. दुसऱ्याच्या सांगण्यावर विसंबत नाहीत.

गच्ची, धुळे आणि कोपी

परत चारकोपला. यादवांचं विमान खाली आलं, लोकांनी डोक्यावर घेतलं. त्यानंतर खरी कसरत सुरू झाली. नोंदणी व्हायला २०१७ चा नोव्हेंबर उजाडला. उडवण्याचा परवाना २०१९ मध्ये मिळाला. २०२० साली ते धुळ्याच्या धावपट्टीवरून उडालं. मुंबईच्या गच्चीवर जन्मलेल्या विमानाला उडायला धुळ्यापर्यंत जावं लागलं. कागदांची गोष्ट सगळ्यांनी लिहिली, ती लिहायलाच हवी होती. पण त्या कागदांच्या आधी एक क्रेन होती. ज्याला हँगर परवडत नाही तो गच्चीवर बांधतो आणि गच्चीवर बांधलेलं विमान खाली आणायला दुसऱ्याच्या यंत्राची वाट बघतो. घरी विमान बांधू बघणाऱ्याला आपल्याकडे आधी विज्ञान अडवत नाही, स्क्वेअर फूट अडवतात.

माझे आजोबा ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की बैलगाडी भरायची आणि अर्धं वर्ष कारखान्याच्या रानात. तिथं राहायला कोपी. वाकवलेल्या कामट्या, वरून चटया, त्यावर प्लास्टिकचा कागद. एका मुक्कामाहून दुसरीकडे जाताना आजी ती कोपी सोडायची, गाडीत रचायची आणि नव्या जागी अंधार पडायच्या आत उभी करायची. घर मिटून घेऊन निघणं हे आमच्या जिल्ह्यातल्या लाखो माणसांचं दरवर्षीचं काम आहे. त्यात काही थोर नाही. पक्कं घर आणि घरचं रान पुरेसं असतं तर कुणी घर मिटलं नसतं. मॉथची घडी हौसेची होती, कोपीची घडी नाइलाजाची. दोन्ही एकसारख्या आहेत असं मी म्हणणार नाही.

पण कोपी उभी करताना आजी एक गोष्ट करायची. माझे वडील लहान असताना कामट्यांच्या गाठी मारायचे. मारून झाल्या की आजी येऊन प्रत्येक गाठ ओढून बघायची. सगळ्या. वडील चिडायचे, "मारली ना म्या!" ती म्हणायची, "तू मारली. म्या कुठं वढली?"

बीडला विमानतळ नाही. तरी आत्ता कुठल्यातरी गावात एखादं पोरगं पत्र्याखाली बसून पंखाचं चित्र काढत असेल, याची मला खात्री आहे. त्याला लोक विचारतील, उडेल का? त्यानं आधी ट्रॉली मोजावी. मग दार मोजावं. बिजागरी कुठं बसते ते बघावं. आणि जोडून झालं की खिसे तपासावेत.